अंदमानला पहिल्यांदा जाताय? आधी भरती-ओहोटी बघा

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीतून दर हिवाळ्यात एखादं तरी कुटुंब अंदमानला जातं आणि निघायच्या आठ दिवस आधी माझ्याकडे चौकशीला येतं. मी तीनदा जाऊन आलेय, त्यातही पहिल्यांदा गेले तेव्हा पोहता येत नव्हतं, म्हणून लोकांना माझा सल्ला परवडतो. येणाऱ्याच्या हातात छापील कार्यक्रम असतो: सहा दिवस, पाच बेटं, बारा ‘पॉइंट’. मी आधी पेन मागते आणि दोन बेटं खोडते.

कारण सोपं आहे. तिथे एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे हॉटेल सोडा, बोटीच्या तासभर आधी जेटीवर पोचा, सामान तपासून घ्या, दीड-दोन तास समुद्रात हला, उतरून रिक्षा शोधा, नवं हॉटेल गाठा. अर्धा दिवस गेला. हा अर्धा दिवस नेमका सकाळचा असतो, आणि पाण्यातली खरी मजा सकाळीच असते.

आधी कॅलेंडर, मग तिकिटं

अंदमान-निकोबारमध्ये लहान-मोठी मिळून ८३६ बेटं आहेत. वस्ती त्यातल्या तीसेक बेटांवर, आणि पहिल्या खेपेला आपल्याला लागतात ती तीन: पोर्ट ब्लेअर जिथे आहे ते दक्षिण अंदमान, हॅवलॉक आणि नील. नावांचा गोंधळ आधीच मिटवून घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवं नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं. दोन्ही पाठ असू द्या. निकोबार पर्यटनासाठी खुलं नाही, त्यामुळे तो विषयच नको.

मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस, आणि तो आपला पाऊस संपला की संपेल असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळंही होतात. पाण्यात उतरायचं असेल तर डिसेंबरचा शेवट ते एप्रिल. माझी पसंती फेब्रुवारी-मार्चला. समुद्र शांत, पाणी नितळ, आणि नाताळची गर्दी ओसरलेली.

आता एक गोष्ट जी सहलवाले सांगत नाहीत. हॉटेल ठरवण्याआधी त्या आठवड्यातली तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. नीलच्या लक्ष्मणपूर किनाऱ्यावरचा नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर ओहोटीच हवी, आणि उधाणाच्या दिवसांतली ओहोटी उत्तम. खडकांतल्या डबक्यांत तारामासे, समुद्रकाकड्या, खेकडे उघडे पडतात. भरतीला गेलात तर गुडघाभर पाण्यात धडपडत नुसतं लांबून बघून याल. काळ्याकुट्ट रात्री पाण्यात चमकणारे सूक्ष्म जीव बघायला कायाकमधून (वल्ह्याच्या छोट्या होडीतून) जायचं असेल तर अमावास्या गाठा. चांदण्यात काही दिसत नाही. आणि कोकणातला ‘तिथीच्या पाऊणपट’ हा भरतीच्या वेळेचा आडाखा इथे वापरू नका. तो आपल्या किनाऱ्यापुरता. इथल्या वेळा वेगळ्या, त्या बोटवाल्याला विचारायच्या किंवा भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघायच्या. रोज त्या साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात.

दिवस पाचला उजाडतो

घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य तिथे साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही आधीच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त. ‘दुपारी जेवून जरा पडू, मग चारला निघू’ म्हणणाऱ्यांचा हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त हमखास हुकतो. मुक्कामभर साडेचारचा गजर लावा आणि रात्री नऊला झोपा. पहिले दोन दिवस मुलं कुरकुरतात, तिसऱ्या दिवशी तीच आपल्याला उठवतात.

माझा बेत सात रात्रींचा असतो. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, फक्त पोचण्यासाठी. मुंबईहून बहुतेकदा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरला विमान बदलावं लागतं आणि माणूस आंबून जातो. दुसऱ्या सकाळी हॅवलॉक, तिथे तीन रात्री. मग एक रात्र नील. शेवटच्या दोन रात्री परत पोर्ट ब्लेअर. हा शेवटचा जास्तीचा दिवस लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो. पण हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि विमान आपल्यासाठी थांबत नाही. शिवाय स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) केल्यावर लगेच विमानाने उडताही येत नाही, त्याबद्दल पुढे.

डोंबिवलीतच करायच्या गोष्टी

महिनाभर आधी जवळच्या तरणतलावावर जा. पोहायला शिकलात तर उत्तमच, पण किमान एवढं करा: तोंड पाण्यात घालून, गॉगल लावून, शांतपणे तोंडाने श्वास सोडायची सवय. समुद्रात घाबरणाऱ्या दहांपैकी नऊ जण पाण्याला घाबरत नाहीत, नाक बंद झाल्याने घाबरतात. ही भीती तलावात चार दिवसांत जाते.

पुरुषांनी मिशी जरा कापावी. थट्टा नाही. पाण्याखाली बघायला डोळे-नाक झाकणारा जो मास्क लावतात, त्याची रबरी कड ओठाच्या वरच्या कातडीला चिकटून बसली पाहिजे. मध्ये केस आले की पाणी झिरपतं. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी मिशीला हात लावू दिला नाही. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर दर दोन मिनिटांनी डोकं वर काढून मास्कमधलं पाणी ओतत बसले, नाकात खारट, डोळे लाल. शेजारी एक बंगाली आजोबा, दाढीमिशी सफाचट, संथपणे तरंगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून हे बाहेर आले तेव्हा मी ओळखलंच नाही. नाकाखालची करंगळीएवढी पट्टी काढली तरी पुरतं, पण रागाच्या भरात सगळीच उडवली होती.

कपड्यांत सुती सलवार-कुर्ता पाण्यासाठी नेऊ नका, भिजून जड होतो आणि पायांत अडकतो. अंगाला चिकटणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घ्या. पाण्यावर पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात, आणि ते रात्री अंथरुणावर पडल्यावर कळतं. पाण्यात चालतील असे बूट हवेतच. किनाऱ्यालगत मेलेल्या प्रवाळाचे तुकडे असतात आणि ते काचेसारखे कापतात. वाळूतल्या बारीक माश्यांना खोबरेल तेल बऱ्यापैकी आवरतं, लहान बाटली ठेवा. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये आली तेव्हापासून इंटरनेट खूप सुधारलंय, तरी छोट्या बेटावर मोबाइलवरून पैसे जातीलच या भरवशावर राहू नका. ओळखपत्र मूळ हवं. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांच्या परवानगीचे नियम तिकिटाआधी तपासा.

बोट

दोन प्रकार. खासगी बोटी बंद काचेच्या, वातानुकूलित, वेगवान. हॅवलॉकला दीड-दोन तासांत नेतात. सरकारी बोट स्वस्त, संथ, आणि तिच्या डेकवर उभं राहता येतं. ज्यांना बोट लागते त्यांनी सरकारी बोट घ्यावी असं माझं ठाम मत आहे. बंद केबिनमध्ये एकाला उलटी झाली की रांगेने सगळ्यांना होते. डेकवर वारा असतो आणि नजर क्षितिजावर ठेवता येते. शिवाय उडते मासे दिसतात, पाण्यातून निघून वीस-तीस मीटर सपाट उडत जाणारे. सरकारी बोट बेटांवरच्या लोकांचं रोजचं वाहन आहे, तिकिटं लवकर संपतात, ती मिळतील असं धरून बेत आखू नका. खासगी घेतलीत तर मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या जागा मागा.

रिकाम्या पोटी चढू नका, भरल्या पोटीही नाही. सुकी पोळी, केळं, आणि तोंडात आलेपाकाची वडी. उलटीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि बोट हलायच्या अर्धा-पाऊण तास आधी. हलायला लागल्यावर घेतलेली गोळी समुद्राला अर्पण होते.

हॅवलॉक: डोकं पाण्यात

हॅवलॉकचे किनारे नंबराने ओळखले जातात. तीन नंबर गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर, हे पूर्वेकडे. इथे सूर्योदय आणि बहुतेक हॉटेलं. सात नंबर राधानगर पश्चिमेला, जेटीपासून बारा किलोमीटर, रुंद मऊ पुळण आणि मागे पन्नास-साठ हात उंच झाडांची भिंत. स्कूटर भाड्याने मिळते. राधानगरला पोहण्यासाठी जा, मासे बघायला नाही. तिथे तळाला वाळूच आहे.

पहिल्या सकाळी फक्त स्नॉर्केलिंग करा, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघणं. एलिफंट बीचला जेटीवरून छोट्या बोटीने जातात, जंगलातून चालतही जाता येतं. पहिली बोट पकडा. दहानंतर तिथे जत्रा असते, जेट स्कीची घरघर आणि मॅगीचा वास.

मास्क असा निवडा: पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा, हात सोडा. पडला नाही तर तुमचा. पट्टा आवळून गळणारा मास्क बसत नाही, उलट जास्त गळतो. काचेवर आतून थुंकी चोळून विसळा, धुकं धरत नाही. शी म्हणू नका, सगळे तेच करतात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आधी नुसता चेहरा बुडवा आणि वीस श्वास मोजा. मग पाय सोडा. लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाला बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही, हे शरीराला पटायला पाच मिनिटं लागतात.

एलिफंट बीचवर किनाऱ्यालगतचं बरंचसं प्रवाळ करडं, मेलेलं दिसेल. २००४ ची त्सुनामी, मग २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून झालेलं विरंजन (प्रवाळ पांढरं पडणं), आणि रोजचे हजारो पाय. थोडं पुढे, खोल पाण्याच्या कडेला जिवंत भाग लागतो. तिथे हात-पाय हलवणं थांबवा आणि कान द्या. पाण्याखाली सतत कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. त्यातली बरीच तडतड छोट्या झिंग्यांच्या नांग्यांची. मध्येच कुरुम कुरुम ऐकू आलं तर आसपास पोपटमासा आहे. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळ खरवडून खातो आणि मागून वाळू सोडतो. जी पांढरी वाळू बघून आपण फोटो काढतो त्यातली बरीच त्याच्या पोटातून आलेली असते. माझ्या भाचीने हे ऐकल्यावर किल्ला अर्धवट टाकला.

प्रवाळावर उभं राहू नका. ते दगड दिसतात, पण जिवंत असतात, आणि मोठ्या गोल प्रकारांची वाढ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर. दम लागला तर पाठीवर व्हा, खाली पाय टेकू नका.

स्कूबा

दुसऱ्या दिवशी स्कूबा. पहिल्यांदा करणाऱ्याला पोहता येण्याची अट नसते, वय किमान दहा. प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो, आणि या प्रकारात जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत नेतात. बहुतेकांना त्याहून बरंच कमी, आणि तेवढं पुरतं.

स्कूबाचं केंद्र निवडताना मी भाव शेवटी विचारते. आधी विचारते ते असं: एका प्रशिक्षकामागे माणसं किती? उथळ पाण्यात सराव किती वेळ? बोटीवर किंवा किनाऱ्यावर ऑक्सिजन आहे का? पहिल्या खेपेला मी हे विचारलं नव्हतं. एका ठिकाणी पाच मिनिटांत सूट चढवला, सराव म्हणून एकदा डोकं बुडवलं, आणि खाली नेऊन कॅमेऱ्यासमोर हात हलवायला लावले. कान ठणकत होते, खुणा करायच्या कशा ते सांगितलेलंच नव्हतं. मी अंगठा वर केला, ‘ठीक आहे’ म्हणून. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर न्या’. त्याने वर आणलं, माझे दहा मिनिटांत पैसे संपले. ठीक आहे सांगायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. कान दुखला तर पंजा आडवा डुलवायचा आणि कानाकडे बोट.

कानाचं तंत्र हेच स्कूबाचं निम्मं काम. कसारा घाट उतरताना कानांना दडे बसतात तसंच, फक्त फार झपाट्याने. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, आणि पहिल्या दोन-चार मीटरमध्येच कान सर्वाधिक जाणवतो. नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच हवा ढकलायची, ‘टक्’ झालं की थोडं खाली. हे दुखायच्या *आधी* करायचं. दुखायला लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते. थोडं वर जायचं आणि पुन्हा प्रयत्न. सर्दी असेल तर त्या दिवशी स्कूबा नाही, पैसे भरलेले असले तरी.

दुसरा नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा पसरते, तिला बाहेर पडायला वाट हवी. हळू, लांब श्वास, घोरणाऱ्या माणसासारखे. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांबद्दल फॉर्मवर खरं लिहा. ‘कशाला सांगायचं, नाही म्हणतील’ हा आपला स्वभाव इथे घातक आहे.

खाली गेल्यावर सगळं निळं-हिरवं दिसतं, कारण लाल रंग पाण्यात आधी विरतो. समुद्रफुलाच्या झुबक्यात पट्टेदार विदूषक मासा दिसेल, तुमच्या मास्कवर धावून येईल. बोटभर जीव, पण घर राखतो.

ज्यांना एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी तीन-चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स आहे, अठरा मीटरपर्यंत जाण्याचा परवाना मिळतो. पण मग नील विसरा. सी-वॉक, जेट स्की, बनाना बोट हे सगळं गोव्यातही आहे. त्यावर इथली सकाळ घालवू नये.

विमानाचं गणित: एकदाच डुबकी मारली असेल तर उड्डाणापूर्वी किमान बारा तास, जास्त वेळा मारली तर अठरा. मी सरसकट चोवीस धरते.

मगर, आणि बाकीचं

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला. घाबरून हॉटेलात बसायची गरज नाही, पण खारफुटीच्या खाड्या आणि ओढ्यांच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं नाही, आणि तिन्हीसांजेला कुठेच नाही. पाटी लावली आहे म्हणजे कारण आहे. काही किनाऱ्यांवर जाळी लावून पोहण्याची जागा आखलेली असते, तिच्या आतच राहा.

नीलला सायकल घ्या आणि बेट पालथं घाला. भाताची खाचरं, केळी, नारळी. वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. खाणावळीत भात आणि माशाचा झोल मागा. पनीर बटर मसाला तिथेही मिळतो, पण का?

पोर्ट ब्लेअरहून वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट जमलं तर जरूर करा. हंगामातच खुलं असतं, परवाना आधी काढावा लागतो, आणि प्लास्टिकला बंदी. बिस्किटाचा पुडाही डब्यात काढून न्या. वाटेवर सिप्पीघाटला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणथळ दिसेल. ती भातशेती होती. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि समुद्र आत आला तो गेलाच नाही. आता तिथे पाणपक्षी उतरतात.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा मी माझ्या यादीतून काढल्यात. रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो, ताफ्याने गाड्या सोडतात. कायद्याने फोटो काढणं, थांबणं, खायला देणं गुन्हा आहे, तरी निम्मी गाडी गुहांसाठी नाही, माणसं ‘दिसतात का’ बघायला जाते. मला ते बघवलं नाही.

शेवटचा दिवस जमिनीवर

डुबकीनंतरचे चोवीस तास भरायचे असतात, तेव्हा सेल्युलर जेल त्या दिवशी ठेवा. १९०६ मध्ये पूर्ण झालेलं, ६९६ कोठड्या, सात पाखांपैकी तीन उरल्यात. कुठल्या दिवशी बंद असतं ते बेत आखतानाच बघा. सावरकर ४ जुलै १९११ रोजी इथे पोचले. बाबाराव आधीपासून इथेच होते आणि एकाच तुरुंगात असून बराच काळ दोघा भावांची भेट झाली नाही. मराठी माणसं तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोठडीपुढे रांग लावतात. सकाळी दार उघडताच गेलात तर आत क्षणभर एकटं उभं राहता येतं. गच्चीवरून समुद्र दिसतो, आठवडाभर आपण ज्यात खेळलो तोच.

आणि निघण्याआधी हॉटेलातच बॅगा झटका, विशेषतः मुलांच्या. प्रवाळाचे तुकडे नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, कित्येक शंखांचंही तसंच, आणि विमानतळावर तपासणीत ते निघतात. आमच्या भाचीच्या मोज्यात मूठभर निघाले होते, एकात संन्यासी खेकडा जिवंत. रिक्षा थांबवून त्याला समुद्रात सोडून आलो आणि चेक-इन बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो.